टायपरायटर कधीच गेला, मग क्लार्क व्हायला ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ अजून का लागतं?

हातातल्या फोनवर आधी कॉल करायचा डायलर उघडा, मग कॅल्क्युलेटर उघडा. डायलरमध्ये १-२-३ वरच्या ओळीत आहेत. कॅल्क्युलेटरमध्ये वरच्या ओळीत आहेत ७-८-९. फोन एकच, बोट एकच, पण आकड्यांची मांडणी बरोबर उलटी.

यामागे फोन बनवणाऱ्या कंपनीचं काही डोकं नाही. ७-८-९ वर ठेवायची पद्धत शंभरहून जास्त वर्षं जुन्या बेरीज-यंत्रांतून आली. १-२-३ वर ठेवायची पद्धत अमेरिकेतल्या बेल लॅब्जने केलेल्या चाचण्यांतून आली. बोटाने गोल फिरवायच्या चकतीऐवजी बटणांचा फोन आणायचा होता, तेव्हा बटणं कशी लावली तर लोकांना सोयीची पडतील, हे त्यांनी तपासलं. १९६३ मध्ये असा फोन बाजारात आला. ते बेरीज-यंत्रही आज कुणाच्या टेबलावर नाही आणि तो फोनही नाही. मांडणी मात्र दोन्हींची टिकून आहे.

आकड्यांच्या बाबतीत ही नुसती गंमत आहे, त्यात कुणाचं काही जात नाही. मराठी टायपिंगच्या बाबतीत मात्र अशाच एका जुन्या यंत्राच्या सवयीवर नोकरी मिळणार की नाही हे ठरतं. कसं ते बघू.

देवळाली प्रवरात हा प्रश्न का महत्त्वाचा?

देवळाली म्हटलं की अनेकांना नाशिकजवळची देवळाली कॅम्प आठवते. ही ती नाही. देवळाली प्रवरा हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातलं, स्वतःची नगरपरिषद असलेलं गाव. आजूबाजूला नजर टाकली तर कागदावर चालणाऱ्या संस्था बऱ्याच दिसतात. गावातच नगरपरिषद. जवळच डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखाना, ज्याच्यामुळे त्या भागाला लोक ‘राहुरी फॅक्टरी’च म्हणतात. राहुरीला तहसील कार्यालय आणि १९६८ पासूनचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. शिवाय शाळा, महाविद्यालयं, पतसंस्था, सोसायट्या.

या प्रत्येक ठिकाणी पत्र लिहिणारा, नोंद करणारा, दाखला छापून देणारा माणूस लागतो. म्हणजे क्लार्क. ऊसपट्ट्यातल्या शेतकरी घरांत ‘पोरगं क्लार्क म्हणून चिकटलं’ हे अनेक वर्षं मोठं समाधान होतं. साखर कारखान्याचं हे समाधान आता तितकं पक्कं राहिलेलं नाही. तनपुरे कारखाना गेल्या दशकभरात आर्थिक अडचणीत सापडला आणि काही हंगाम बंदही राहिला. साहजिकच सरकारी जाहिरातीकडे लागलेल्या डोळ्यांची संख्या वाढली.

आणि लिपिक-टंकलेखक पदाची जाहिरात आली की पात्रतेत एक ओळ हमखास असते: मराठी टंकलेखनाचा वेग किमान ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी टंकलेखनाचा वेग किमान ४० शब्द प्रतिमिनिट. पदवी आहे, एमएस-सीआयटी झालंय, पण ‘३०-४०’ नाही, तर अर्ज तिथेच अडतो. म्हणूनच तालुक्याच्या गावात आजही टायपिंग क्लासच्या पाट्या दिसतात.

३० शब्द म्हणजे नक्की किती?

ऐकायला सोपं वाटतं. पण ‘शब्द’ कशाला म्हणायचं?

टायपिंगच्या जगात शब्द हे एक माप आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत हे स्पष्ट दिसतं. तिथे हिंदीचे ३० शब्द प्रतिमिनिट म्हणजे तासाला ९,००० कळा आणि इंग्रजीचे ३५ म्हणजे तासाला १०,५०० कळा असा हिशेब आहे. भागाकार केला की कळतं, पाच कळा दाबल्या की एक शब्द. म्हणजे ३० च्या वेगाला मिनिटाला १५० कळा, सेकंदाला अडीच.

आता ‘देवळाली प्रवरा नगरपरिषद’ टाइप करून बघा. इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्डवर अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण असं एकेक दाबत गेलं, तर ‘देवळाली’ला ७, ‘प्रवरा’ला ६ आणि ‘नगरपरिषद’ला ८ कळा लागतात. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून झाल्या २३. यात शिफ्टची कळ मोजलेलीच नाही. डोळ्यांना दिसतात तीन शब्द, पाच कळांच्या हिशेबाने होतात साडेचारहून जास्त.

म्हणजे दोघांचा वेग ‘३०’ असला तरी तो कोणत्या पद्धतीने मोजलाय, यावर त्यांची मेहनत वेगळी ठरते.

ही अट आली कुठून?

अमेरिकेत १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने शोल्स आणि ग्लिडन यांचा टायपरायटर विक्रीला आणला. आजच्या इंग्रजी कीबोर्डवरची ‘क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय’ ही मांडणी त्याच यंत्रातून रुळली. ती तशीच का केली, याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. कुणी म्हणतं खिळे एकमेकांत अडकू नयेत म्हणून, कुणी म्हणतं तारखात्यातल्या लोकांच्या सोयीसाठी. १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोराक यांनी वेगळ्या मांडणीचं पेटंट मिळवलं. पण तोपर्यंत लाखो लोकांच्या बोटांना जुनी सवय झाली होती. नवी मांडणी मागेच राहिली.

इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर टायपरायटर इकडे आला. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टायपरायटर बाजारात आणला. मग महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि राज्याच्या कारभाराची भाषा मराठी झाली. कारभार मराठीत करायचा तर मराठी टायपरायटर हवा आणि तो चालवणारी बोटंही हवीत. त्या बोटांची परीक्षा घ्यायला सरकारी वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा होतीच. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. ‘मराठी ३०’, ‘मराठी ४०’, ‘इंग्रजी ३०’, ‘इंग्रजी ४०’ ही नावं तिथलीच.

त्या काळात ही अट अगदी रास्त होती. टायपरायटरवर चूक झाली की खोडायची सोय नाही. कार्बन लावून चार प्रती काढायच्या असतील तर एक चूक चार ठिकाणी. वेग आणि अचूकता नसलेला टंकलेखक म्हणजे कागदाची नासाडी.

४५ कळांत बाराखडी कशी बसवली?

इंग्रजीला २६ अक्षरं, मोठी आणि छोटी मिळून ५२. टायपरायटरवर साधारण ४५ कळा असतात, शिफ्ट धरली तर ९० च्या आसपास जागा. इंग्रजीचं काम आरामात होतं.

मराठीत स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, शिवाय ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ वेगळे. हे सगळं ९० जागांत बसणं शक्य नव्हतं. त्यामुळे अक्षरांचे तुकडे केले गेले. ‘भ’ला वेगळी कळ द्यायची गरज नाही, आधी अर्धा भ् आणि त्यापुढे काना दाबला की कागदावर ‘भ’ उमटतो. ‘ण’, ‘थ’, ‘श’ यांचंही तसंच. बरीच जागा वाचली.

दुसरी गोष्ट वेलांटीची. ‘परिषद’ म्हणताना आपण आधी ‘र’ म्हणतो, मग ‘इ’. पण कागदावर ऱ्हस्व वेलांटी ‘र’च्या डावीकडे दिसते. टायपरायटरचा कागद एकाच दिशेने सरकतो, म्हणून आधी वेलांटी दाबायची आणि मग ‘र’. थोडक्यात, त्या यंत्रावर मराठी ‘बोलल्याप्रमाणे’ टाइप होत नव्हती, ‘दिसते त्याप्रमाणे’ होत होती.

यंत्राच्या मर्यादेतून काढलेली ही हुशार वाट होती. तिलाच लोक रेमिंग्टन लेआउट म्हणतात आणि टायपिंग क्लासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तोच शिकवला गेला.

शिरवळ ते ऑगस्ट २०१७

गोदरेजचे टायपरायटर शेवटी शेवटी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात बनायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी वर्षाला ५० हजारांच्या आसपास यंत्रं विकत होती. वीज गेली तरी चालणारं, कोर्टाच्या आणि तहसीलच्या आवारात झाडाखाली बसून वापरता येणारं दुसरं यंत्र नव्हतं. पुढे संगणक आणि प्रिंटर स्वस्त झाले आणि मागणी आटली. २००९ मध्ये शिरवळमध्ये टायपरायटर बनवणं थांबलं. ‘प्राइमा’ हे शेवटचं मॉडेल.

२०११ मध्ये ‘जगातला शेवटचा टायपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी जगभर फिरली. ती पूर्ण खरी नव्हती. ब्रदर कंपनी ब्रिटनमध्ये २०१२ पर्यंत टायपरायटर बनवत होती. पण दैनंदिन कामाचं यंत्र म्हणून टायपरायटरचा शेवट झाला, एवढं त्यातलं खरं.

कारखाना थांबला, तरी महाराष्ट्रात टायपरायटरवरची परीक्षा सुरूच राहिली. ती संगणकावर नेण्याचा निर्णय झाला, मुदती वाढत गेल्या आणि शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये यंत्रावरची शेवटची परीक्षा झाली. म्हणजे यंत्र बनवणं बंद झाल्यावर तब्बल आठ वर्षं मुलं त्याच यंत्रावर परीक्षा देत होती. खिळा तुटला तर जुन्या यंत्रातून काढून बसवायचा, असा कारभार.

योगायोग बघा. त्याच ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने फोनवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय जाहीर केली. एका बाजूला लोखंडी कळा बडवून परीक्षा संपत होती, दुसऱ्या बाजूला कळ न दाबता मराठी उमटायला लागली होती.

संगणक आला, पण टायपरायटर आत शिरून बसला

‘परीक्षा संगणकावर आली, मग प्रश्न मिटला की’ असं वाटेल. तसं झालं नाही.

कार्यालयांत संगणक आले तेव्हा तिथे बसलेली माणसं टायपरायटरवर शिकलेली होती. त्यांना सोयीचं व्हावं म्हणून रेमिंग्टन लेआउटचे फॉन्ट आले. कृतिदेव हा त्यातलाच एक. या फॉन्टमध्ये एक गोम होती. स्क्रीनवर ‘भारत’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात साठतात ‘एच-के-के-जे-आर’ ही रोमन अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी येते.

यावर उपाय नव्हता असं नाही. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्येच भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डचं प्रमाण ठरवलं होतं. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला आहेत, आणि ‘रि’ टाइप करताना आधी ‘र’, मग वेलांटी. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांचं हे काम पुढे नेलं. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरी होती. युनिकोडमध्ये ‘भ’ हा ‘भ’ म्हणूनच साठतो, फॉन्ट कोणताही असो. आज फोनवर जी मराठी वाचली आणि लिहिली जाते, ती युनिकोडमुळेच.

पण ज्यांची बोटं जुन्या पद्धतीला सरावली होती, त्यांना नवा लेआउट शिकवायचा कुणी आणि कधी? त्यामुळे बरीच कार्यालयं वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये काम करत राहिली.

याचा फटका सामान्य माणसाला बसतो. समजा, एखाद्या नगरपरिषदेचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा ठराव जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तुमच्या गल्लीच्या रस्त्याचा उल्लेख त्यात आहे का, हे शोधायला तुम्ही गल्लीचं नाव सर्चमध्ये टाकलं, तर काहीही सापडणार नाही. कारण फाइलमध्ये ते नाव मराठीत नाहीच. कागद आहे, फाइल आहे, माहिती मात्र हाताला लागत नाही.

मग ही अट काढूनच टाकावी का?

इथे दुसरी बाजूही ऐकायला हवी.

टायपिंगच्या परीक्षेचा मोठा गुण म्हणजे तिथे वशिला चालवणं अवघड. उतारा समोर आहे, घड्याळ चालू आहे, चुका मोजता येतात. मुलाखतीत कोण कुणाचा हे बघितलं जाऊ शकतं, सेकंदाला अडीच कळा मात्र स्वतःलाच दाबाव्या लागतात. ग्रामीण भागातल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलामुलींसाठी ही छोटी गोष्ट नाही.

शिवाय बोलून टाइप करणं कार्यालयात सहज जमत नाही. दहा टेबलं, समोर लोकांची गर्दी, त्यात गट नंबर, आडनावं, रकमा अचूक यायला हव्यात. ‘पाटोळे’चं ‘पटोले’ झालं तर दाखला चुकतो आणि माणसाला पुन्हा खेटे घालावे लागतात. नजर कागदावर ठेवून न बघता टाइप करणारी बोटं आजही कामाची आहेत.

संगणकावरची परीक्षा जुन्यापेक्षा सुधारलेली आहे, हेही खरं. त्यात वेगाच्या उताऱ्याबरोबर बहुपर्यायी प्रश्न, ई-मेल, पत्र आणि तक्ता असतो. पण भरतीच्या जाहिरातीत उमटतो तो एकच आकडा, शब्द प्रतिमिनिट. त्यामुळे बरेच जण तेवढ्यासाठीच घासतात. मजकूर युनिकोडमध्ये आहे का, मराठी पत्राचा मसुदा स्वतः करता येतो का, तक्त्यात बेरजेचं सूत्र घालता येतं का, या गोष्टी आजच्या क्लार्कला रोज लागतात, पण जाहिरातीतली ती एक ओळ त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

कॅल्क्युलेटर सुटला, टायपिंग अडकलं

एकेकाळी स्वीडनच्या फॅसिट कंपनीची हँडल फिरवून गणित करणारी यंत्रं जगभर वापरली जायची, भारतातही होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले आणि काही वर्षांत फॅसिटचा तो धंदा कोसळला. तेव्हा कुठल्या कार्यालयाने ‘हँडल फिरवण्याचं प्रमाणपत्र आणा’ असा हट्ट धरला नाही. ज्याला जे यंत्र मिळालं, त्याने त्यावर बेरीज केली.

टायपिंगचं तसं का झालं नाही? कारण यंत्राची सवय सेवाप्रवेश नियमांत लिहिली गेली. यंत्र भंगारात घालायला एक लिलाव पुरतो. नियम बदलायला विभाग, शासन निर्णय, परीक्षा परिषद, क्लासचालक, जुने प्रमाणपत्रधारक या सगळ्यांचा विचार करावा लागतो. लाखो लोकांनी पैसे आणि महिने घालून मिळवलेलं प्रमाणपत्र एका दिवसात रद्दी ठरवणंही अन्यायाचंच.

म्हणून अट एका फटक्यात काढण्यापेक्षा ती नेमकी करणं जास्त शहाणपणाचं आहे. वेग मोजा, पण पाच कळांचा हिशेब मराठीला कसा लावला ते जाहिरातीतच लिहा. लेआउट उमेदवाराला निवडू द्या, मजकूर मात्र युनिकोडमध्येच घ्या. आणि पत्राचा मसुदा, तक्ता यांच्या गुणांना भरतीत वजन द्या.

तोपर्यंत तयारी करणाऱ्यांनी काय बघावं?

एक, क्लास लावण्याआधी विचारा की तिथे कोणता लेआउट शिकवतात आणि मजकूर युनिकोडमध्ये उमटतो का. दोन्ही उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरा क्लास बघा.

दोन, जाहिरातीत ‘प्रमाणपत्र’ मागितलंय की ‘कौशल्य चाचणी’ही होणार आहे, हे वाचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र हातात असूनही चाचणीच्या दिवशी वेगळा लेआउट समोर आला, तर बोटं अडखळतात. चाचणीच्या सूचनांत कोणता कीबोर्ड दिलाय, ते आधीच बघून त्यावर सराव करा.

तीन, पहिल्यांदाच शिकत असाल आणि परीक्षेच्या सूचनांत पर्याय असेल, तर इनस्क्रिप्टचा विचार करा. विंडोजमध्ये तो आधीपासून असतो, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, आणि एकदा शिकला की हिंदीलाही तोच चालतो. रेमिंग्टनवर आधीच हात बसला असेल, तर तो मोडू नका. रेमिंग्टन पद्धतीने टाइप करून युनिकोडमध्ये मजकूर देणारे कीबोर्डही मिळतात.

चार, आधीच नोकरीत असाल आणि कार्यालयात जुन्या फॉन्टमधल्या फाइली पडून असतील, तर त्या युनिकोडमध्ये बदलून घेण्याचं काम हाती घ्या. बदलल्यावर आकडे, रफार आणि जोडाक्षरं मूळ कागदाशी ताडून बघा, कारण चुका बहुतेक तिथेच राहतात. पुढे कुणी माहिती अधिकारात जुना ठराव मागितला, तर कपाट उपसत बसावं लागणार नाही, नाव टाइप केलं की कागद समोर येईल.